मोडलेली धार

"अहो, हात लावू नका—"

पण अपूर्वाचं बोट तोवर टेबलावरच्या पट्टीच्या कडेला टेकलंही होतं. टपकन रक्ताचा थेंब! नागापूरच्या एमआयडीसीत ती खरं तर दुसऱ्याच वर्कशॉपचा पत्ता विचारायला आत डोकावली होती. या वर्कशॉपचा मालक गंधार धावत आला आणि खिशातला धुतलेला रुमाल तिच्या बोटाला बांधू लागला.

"इतकी धार!" ती म्हणाली. दुखऱ्या नव्हे, चक्क हावऱ्या आवाजात. "मला अश्शीच हवीये."

तिनं ड्रॉइंग पुढं केलं. वीतभर स्टीलची पट्टी, पाठ बाहेर फुगलेली.

"यावरून वारा सोडायचाय, आवाजाच्या दुप्पट वेगाचा. भिंतीलगत तो नुसता खवळलेला असतो. अशा फुगीर वळणावरून गेला की निवतो... खोलगट वळण दिलं तर उलट पिसाळतो."

"म्हणजे वाऱ्यालाही पाठीवरून हात फिरवावा लागतो?"

तिनं हसू दाबलं. "किती निवतो तेच मोजायचंय. गुरुवारी, बंगळूरच्या प्रयोगशाळेत, वाऱ्याच्या बोगद्यात. माझ्या संशोधनासाठी तिथं एकच तास मिळालाय. तो हुकला तर सहा महिने नंबर नाही."

मंगळवारी पट्टी तयार होती, आरशासारखी. अपूर्वानं जपून पुढच्या कडेवरून बोट फिरवलं... परत एकदा फिरवलं. बोट कापलंच नाही.

"धार कुठंय?"

"मोडली. कड मोडल्याशिवाय, म्हणजे घासून बोथट केल्याशिवाय, आमचा माल बाहेर जात नाही. आणि..." त्याची नजर तिच्या बोटावरच्या जखमेवर अडकली.

"अहो, बोथट कडेवर वारा आधीच आपटतो! वळणापर्यंत पोचतो तो वेगळाच वारा. लिहिलं होतं मी ड्रॉइंगवर!" तिनं ड्रॉइंग उलगडून त्याच्यापुढं धरलं. घड्याळात अकरा वाजले होते. चारची एसटी चुकली की पुण्याहून बंगळूरची गाडीही चुकणार.

जुने कारागीर गोरक्षनाथकाका लेथ थांबवून आले. "म्या सांगत हुतो, धार राहू द्या. तर मालक म्हनले, त्यांचं बोट परत कापंल. सोताच्या हातानं मोडली, लई मायेनं."

"काका!" गंधारचे कान लाल झाले. त्यानं पट्टी उलटी केली. "वरच्या पाठीला हात लावत नाही. खालून घासतो. कड केसभर मागं सरकेल, पण धार येईल. चालेल?"

तिनं मनात आकडे जुळवले. "केसभर... चालेल. पण वळणावर ओरखडा—"

"आला तर नाव बदलेन."

चार तास ती स्टुलावर बसून होती. ग्राइंडरचा आवाज जरा बदलला की दचकायची. चहावर साय धरली. तीन वाजता त्यानं पट्टी पुढं केली. तिनं कड नखावर टेकवली... नखाचा पापुद्रा अलगद निघाला. बोलायला वेळच नव्हता, ती धावत सुटली.

गुरुवारी दुपारी गंधारचा फोन वाजला.

"निवला!" पलीकडून अपूर्वा जवळजवळ ओरडलीच. "वळणावर आला आणि सगळी खळबळ उतरली. स्वच्छ दिसलं पडद्यावर!"

"सुटलो!" तो मटकन स्टुलावर बसला. "दोन दिवस घास गोड लागला नाही. ... बोट कसंय?"

"परत कापलं. त्याच जागी."

"अरेरे—"

"तुमचाच रुमाल बांधलाय. धुऊन आणून द्यायचाय."

"रुमाल राहू द्या तुमच्याकडे."

"म्हणजे... मी येऊच नको?"

तो उगाच टेबलावरचा लोखंडाचा कीस झटकू लागला. मागून काकांचा आवाज आला, "मालक, बोला की! का बोलनंबी घासून घासून आनायचं?"

"या," गंधार घाईनं म्हणाला. "रुमालासाठी नको... माझ्यासाठी या."

तीन दिवसांत पहिल्यांदाच अपूर्वानं छातीभर श्वास घेतला. "शनिवारी येते. पण एक सांगते, माझी धार मोडायची नाही हं."

"छे! मी कापून घ्यायला तयार आहे."