आठ-चाळीसचा लाल चौकोन

त्या दोघांची खरी ओळख बसमध्ये झाली नाही, संगणकाच्या पडद्यावर झाली. तशी वर्षभर ती रोज त्याच्याच बसने जात होती. धापा टाकत चढायची, 'थँक्यू' म्हणायची आणि मागे जाऊन बसायची. ड्रायव्हर आरशात बघून मान हलवायचा. याला काही ओळख म्हणत नाहीत.

बस कंपनीच्या कचेरीत ती आलेख करायची. सगळे तिला आलेखबाईच म्हणत. कोणती बस कोणत्या थांब्यावरून किती उशिरा निघाली, हे एका नजरेत दिसेल असा डॅशबोर्ड तिने दोन महिने खपून तयार केला होता. आडव्या ओळींत थांबे, उभ्या रकान्यांत बसगाड्या. वेळेवर असेल तर चौकोन हिरवा, दोन मिनिटांहून जास्त उशीर असेल तर लाल. चौकोनावर क्लिक केलं की त्याची सगळी कुंडली उघडायची. सोमवारी तो मोठ्या साहेबांना दाखवायचा होता, आणि साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं – ज्याचा चौकोन लाल, त्या ड्रायव्हरचा मार्ग एक तारखेपासून बदलायचा.

शुक्रवारी दुपारी शेवटची उजळणी करताना एक लाल चौकोन तिच्या डोळ्यांत खुपला. आठ-चाळीसची बस, तिच्याच घराजवळचा थांबा. बस यायची वेळेवर आणि निघायची मात्र रोज सव्वादोन मिनिटं उशिरा. मधल्या एका आठवड्यात तेवढी ती अगदी काट्यावर निघाली होती. तिने तारखांची पट्टी सरकवून तो आठवडा नीट पाहिला. त्या आठवड्यात ती तापाने घरी होती. मग दात काढायला गेली होती तो दिवस पाहिला. हिरवा. मावसबहिणीकडे गेली होती तो दिवस… तोही हिरवा.

जगाचा उशीर मोजणारी ही बाई स्वतः जन्मात कधी वेळेवर घराबाहेर पडली नव्हती. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय," असं आई रोज दार लावताना म्हणायची. पण आपल्यासाठी कुणी रोज ब्रेकवर पाय ठेवून थांबतं, हे तिला आजच कळत होतं. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. एक तारखेला तो माणूस दुसऱ्या मार्गावर जाणार होता, तेही तिच्याच आलेखामुळे.

शनिवारी ती कचेरीपाशी उतरलीच नाही. पुढचा थांबा शेवटचा. तिथे बस बारा मिनिटं उभी राहते.

"तुमचा थांबा गेला," तो आरशात बघून म्हणाला.

"माहीत आहे."

"झोप लागली होती का?"

"नाही. तुमच्याशी बोलायचंय."

बाकीचे उतरल्यावर तिने मोबाईलवर चौकोन दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. त्याचे कान हळूहळू त्याच रंगाचे झाले.

"ह्यात सगळंच दिसतं की…"

"का थांबता, ते दिसत नाही."

"तुम्ही कोपऱ्यावरून पळत येता. एक हात वर, एकच पाय चपलेत. अशा माणसाच्या तोंडावर दार लावायला – हात धजत नाही."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लाल रंगाची मर्यादा मी दोनाऐवजी अडीच मिनिटं करू शकते. लगेच हिरवा होईल."

"माझा एकट्याचाच?"

"आणखी अकरा होतील."

"त्या अकरा ठिकाणी लोक खरंच ताटकळत असतील ना?"

"…असतील."

"मग नको, मॅडम. तुम्हीच थोडं लवकर निघून बघा."

"तेच तर जमत नाही."

"हां. आकडा बदलणं सोपं असतं," तो हसला.

सोमवारी तो चौकोन तिने स्वतःच उघडला.

"हा आठवडा बरा हिरवा?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हा मी रजेवर होते, साहेब."

"म्हणजे आपली बस तुमच्यासाठी थांबते?"

"थांबायची. आज मी वेळेवर होते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "का थांबायची?"

"त्याचा डेटा अजून अपुरा आहे."

"महिनाभर बघू," साहेब म्हणाले. "नंतर लाल दिसला तर मात्र मार्ग बदलणार."

महिनाभर ती आठ-अडतीसला थांब्यावर हजर होती. आईने तर दुसऱ्याच दिवशी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. चौकोन हिरवा झाला. आता ती रांगेतून शांतपणे चढायची. धाप नाही, त्यामुळे 'थँक्यू'ही नाही. सगळं वेळेवर होतं आणि तिला रोज काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटायचं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती पुन्हा पुढे गेली.

"तुमचा थांबा गेला."

"माहीत आहे. तुमचा मार्ग मात्र राहिला. साहेबांनी सही केली."

"चांगलं झालं." तो स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसत राहिला. "पण खरं सांगू? तुम्ही मागे बसलेल्या असता, तरी निघताना मी कोपऱ्याकडे बघतोच."

"पळत येणाऱ्या सगळ्यांसाठीच थांबता ना तुम्ही?"

"सगळ्यांसाठी दहा सेकंद." तो अडखळला. "सव्वादोन मिनिटं… ती एकट्या तुमच्यासाठी होती."

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "महिनाभर लवकर उठले, ते काय कंपनीसाठी?"

त्याने घड्याळ पाहिलं. "अजून नऊ मिनिटं आहेत."

"रोज बारा असतात ना?"

"रोज."

तिने पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि पाठोपाठ दोन पेले.

शेवटच्या थांब्यावरची विश्रांती डॅशबोर्डमध्ये धरलेली नाही. ती एक ओळ वाढवायची, हे तिचं पाच मिनिटांचं काम. साहेबांनी दोनदा सुचवलंही आहे. "बघते," असं ती म्हणते, आणि रोज सकाळी एक थांबा पुढे जाऊन चालत मागे येते.