सुपलीतले पतंग

३ सप्टेंबर १९७७, शनिवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. माझ्या केराच्या सुपलीत अकरा वाळकी पाने होती, आणि त्यांतले एक उठून उडून गेले.

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या एका लहानशा जलविद्युत केंद्रात मी तेव्हा नोकरीला होते. तांत्रिक महाविद्यालयातून बाहेर पडून पाच महिने झालेले. केंद्रात सर्वांत नवी मीच. सर्वांत नव्याने सर्वांच्या आधी येऊन दारापुढचे आवार झाडायचे, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगावे लागत नाही. रात्रभर पांढऱ्या दिव्यांत उजळलेली लांब भिंत, तिच्या पायथ्याशी चेरीची गळालेली पाने... सव्वासहाच्या आत मी सगळे लख्ख करत असे. शेवटचे पान उचलले गेले की मला फार बरे वाटे.

"झाडू नका," मागून आवाज आला. "म्हणजे... कृपा करून जरा थांबता का?"

कुंपणाच्या दारात एक तरुण उभा होता. खांद्यावर जाळी, चष्म्यावर धुके, बुटांना चिखल. त्याने वाकून नाव सांगितले: त्सुकाहारा, मात्सुमोतोच्या संग्रहालयातून आलेला. मीही माझे सांगितले: ओगिनो. गेले बारा दिवस तो रोज साडेसहाला या भिंतीपाशी येत होता, एका पतंगाच्या शोधात. ओढ्याकाठच्या अक्रोडांवर त्याच्या अळ्या होत्या, पण दिव्यापाशी पतंग मात्र एकही नाही. वहीत बारा शून्ये जमली होती. तेरावे पडले तर काम बंद करून परत या, असा वरून निरोप होता. म्हणून आज तो वीस मिनिटे लवकर आला होता.

त्याने सुपली मागितली. माणूस शुद्धीवर नसावा, असे मला वाटले, तरी मी ती दिली. गुडघ्यांवर बसून तो एकेका पानावर हळूच फुंकर घालू लागला. आणखी दोन पानांना पाय फुटले.

"बारा दिवसांचा केर..." त्याने मान वर केली. "जाळलात?"

"ट्रान्सफॉर्मरजवळ आम्ही काही जाळत नाही. ओढ्याकाठी टाकते. अक्रोडांखाली."

तो ओल्या फरशीवरच बसला आणि डोळे मिटून त्याने लांब श्वास सोडला.

"म्हणजे तुम्ही त्यांना रोज घरी पोचवत होता," तो म्हणाला. मग हसला. मला हसावे की क्षमा मागावी ते कळेना. मी दोन्ही केले.

तो पतंग मी नीट पाहिला, आणि माझा थोडा अपमानच झाला. पाने जशी वाळून गुंडाळली जातात, तसाच त्याचा पंख आत वळलेला दिसत होता. कडेला उजेड, पोटात काळोख. पण बोट लावले तर पंख सपाट! ते वळण, ती सावली, सगळे रंगवलेले. आरेखनातली नळी गोल दिसावी अशी छाया द्यायला शिकण्यात मी महाविद्यालयात अख्खे सत्र घालवले होते. या जिवाचे काम माझ्याहून सफाईचे होते.

त्सुकाहाराला तीस नोंदी हव्या होत्या. सापडलेल्या प्रत्येकाच्या पंखावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे तोच पुन्हा मोजला जायचा नाही. मग त्याला अक्रोडांकडे सोडायचे. तीस झाले की काम संपले. मी सुचवले की आपण साडेपाचला भेटू, आधी मोजू, मग मी झाडीन. केंद्रप्रमुख शिराईसान खिडकीतून पाहत आणि म्हणत, आमच्या वेळी झाडायला एक माणूस पुरायचा.

तो पाने नि पतंग शेजारी मांडून माझी परीक्षा घेई. मी तीनदा चुकले.

"तांत्रिक महाविद्यालयात पानं शिकवत नाहीत वाटतं."

"शिकवतात. पण सपाट वस्तू गोल काढली की नापास करतात. तुमचा पतंग पहिल्याच वर्षी घरी बसला असता."

तो हसला की आधी त्याचे कान लाल होत. हे माझ्या ध्यानात कसे राहिले, ते मला सांगता येणार नाही.

पहिल्या तीन सकाळी आठ पतंग मिळाले. चौथ्या सकाळी मला युक्ती सुचली. भिंतीच्या सावलीत बसून मी विजेरी डावीकडून उजवीकडे नेली. खऱ्या पानाची छाया उजेडाबरोबर सरकते; रंगवलेली छाया जागची हलत नाही. ती धरून चार सकाळींत आम्हाला एकवीस पतंग सापडले. त्सुकाहाराने माझे फार कौतुक केले, पण रोज थोडे कमी. नवव्या तारखेला एकोणतीस आकडा लिहिताना मलाही उमगले, की माझी पद्धत जितकी अचूक, तितका त्याचा मुक्काम तोकडा.

दहा तारखेला भुरभुर पाऊस होता. गटाराच्या कडेला एक पान पडले होते. मी विजेरी डावीकडे धरली... उजवीकडे धरली. छाया हलली नाही.

"पान आहे," तो वरूनच म्हणाला.

"वाकून पाहिलंत तरी का?"

"नाही पाहिलं." चष्म्यावर थेंब जमले होते, ते त्याने पुसले नाहीत. "आज ते पानच असू दे, ओगिनोसान. उद्या पुन्हा शोधू. परवाही..."

तीस लिहिले तर तो साडेनऊच्या बसने जाणार होता. न लिहिले तर उद्या पुन्हा येणार होता—खोट्या आकड्यावर.

"पतंग आहे," मी म्हणाले. "चुकीची नोंद मी करणार नाही." आणि धीर सरण्याआधी पुढचेही बोलून टाकले, "पण तुम्हाला इथे यायला पतंगच कशाला हवा? रविवारी बारानंतर मला सुटी असते."

वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या बसच्या वेळा तो पाहू लागला.

"बसने दोन तास लागतात," तो म्हणाला. "म्हणजे दहाची गाडी धरली तर... आणि आल्यावर मोजायचं काय?"

"काही नाही. भाताचे गोळे मी आणीन. तुम्ही नुसते या."

त्याचे कान लाल झाले. मग तो खाली बसला, पंखावर ठिपका दिला आणि वहीत स्वतःच्या हाताने तीस लिहिले. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. त्याचा चेहरा पाहता त्याचेही उतरले असावे.

त्या वर्षाचे सोळा रविवार उरले होते. तो सोळाही रविवारी आला.