लासारो मुकादमाची साक्ष

होविता सेर्दा सकाळी आठला वकील ओतिलिया बारागानच्या कचेरीत आली. १९८८च्या नोव्हेंबरचा शेवटचा दिवस होता, आणि संध्याकाळी पाचला अर्जाची मुदत संपत होती.

नव्या कायद्याने फ्रेस्नोच्या मळेवाल्यांना बजावले होते: परदेशातून बिनकागद आलेल्या माणसाला काम द्याल तर दंड. त्याच कायद्यात एक दार उघडे होते. शहाऐंशीच्या मेआधीच्या वर्षात नव्वद दिवस शेतात राबल्याचा पुरावा आणणाऱ्याला इथे राहण्याचे कागद मिळत. होविताकडे मुकादमाच्या सहीचे पत्र होते. पण सरकारी माणसाने विचारताच मुकादमाने कानावर हात ठेवले.

"आज पुरावा गेला नाही, तर उद्या मला कोणी कामावर घेणार नाही," होविता म्हणाली. "मुलगी इथल्या शाळेत आहे. मी परत जाणार नाही."

ओतिलियाने वकीलपत्र पुढे केले. सही करताना होविताचा डावा तळवा ओल्या शाईवरून फिरला. नेमेसियोने टिपकागद दिला.

नेमेसियो हा ओतिलियाचा धाकटा दीर, तिची गाडी चालवायचा. होविताला मागे बसवून ते मळ्याकडे निघाले तेव्हा वाटेत तो कुजबुजला, "वहिनी, असली पत्रं कोपऱ्याकोपऱ्यावर विकत मिळतात. बाई बनवतेय."

"बघू या, भाऊजी."

मळ्याचा मालक बेद्रोसियन म्हातारा होता. मी वेली ओळखतो, तोंडं नाही, माणसं लासारो आणतो, असे तो म्हणाला. कायदा आल्यापासून मुकादमाची झोप उडाली आहे, हेही त्याने हसत सांगितले.

लासारो छपरीत द्राक्षं कापायच्या सुऱ्यांना तेल लावत होता. होविता शाल लपेटून उभी राहिली, दोन्ही हात आत.

"वकीलबाई, लोकांचे पळालेले नवरे शोधायचे सोडून द्राक्षात कुठे शिरलात?" तो म्हणाला. "या बाईला आज पहिल्यांदा बघतोय."

"मग परीक्षा घे. उशिराचे घड अजून वेलीवर आहेत. सुरी दे तिला. कापता आलं नाही, तर आम्ही चाललो."

नेमेसियोला हे पटले. लासारो त्याच्याशी थंडीचे बोलत पेटीत चाचपत राहिला. दोन सुऱ्या बाजूला सारून त्याने तिसरी होविताकडे धरली.

ती ओतिलियानेच घेतली.

"भाऊजी, धार बघा. बाकीच्यांचीही बघा."

नेमेसियोने एकेक सुरी उलटून पाहिली. "ही एकच उलट्या बाजूने घासलीय."

"डावखुऱ्यासाठी. सकाळी तळव्यानं शाई पुसली गेली तेव्हाच मी होविताला सांगितलं, मळ्यावर हात शालीत ठेव. लासारोनं तिचा हात आज पाहिलाच नाही. तरी त्यानं बरोबर हीच सुरी काढली. ज्याच्या हाताला जी सुरी, ती त्याला देणं हे याचं वीस वर्षांचं काम. तोंड खोटं बोललं, हात सवयीनं चालला."

लासारो खाली बसला. "सही माझीच आहे. पण कबूल केलं, तर दंड मला होईल."

"दंड कायदा आल्यानंतर ठेवलेल्या माणसांबद्दल आहे. ती त्याच्या आधी राबली. तू उगाच घाबरलास, आणि ते तिच्या जिवावर आलं."

त्याने कागद ओढला. नव्वद दिवस, असे तो लिहू लागला.

"एकशे चार," होविता म्हणाली. "जेवढं केलं तेवढंच लिही."

त्याने नव्वद खोडले. सही वाळायची वाट न पाहता तिने कागद उचलला आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.