पट्टा उतरवलेली गाडी

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, तो अतुल शहारे आजही गोंदियाजवळच्या गोरेगावात गॅरेज चालवतो. विषय निघाला की हातातला पाना खाली ठेवतो आणि आधी बायकोला फोन लावतो.

गोष्ट यंदाच्या जानेवारीतली. हाडं गोठवणारी थंडी होती.

अतुलनं जुनी डिझेल गाडी घेतली ती रचनासाठी. रचना नर्स. सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या आरोग्य केंद्रात तिची रात्रपाळी असायची. पहाटे स्कुटीवरून घरी आली की तिची बोटं वळायची नाहीत. "डॉक्टरची गाडी हाय, एकहाती," असं एजंट म्हणाला. जुन्या बाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते, हे अतुलला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इंजिन दणकट होतं, टायर बरे होते.

फक्त एक आवाज होता.

सकाळी पहिल्यांदा चालू केली की यायचा. टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या आतून...

चिर्र... चिर्र... टक्.

नखानं पत्रा खरवडावा तसा. इंजिन तापलं की आवाज बंद.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. चालत्या गाडीत तो तुटला, तर गाडी जागच्या जागी बंद पडते. आणि मुळात पट्टाच नसेल, तर इंजिन चालूच शकत नाही. एवढं ध्यानात असू द्या.

जंगलाच्या रस्त्यात पट्टा तुटला आणि आत रचना एकटी असली तर? अतुलचा जीव टांगणीला लागला.

असा आवाज पकडायचा, तर इंजिन थंडगार हवं. लांब पेचकसाचं टोक कव्हरपाशी टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायचं. आवाज कुठून येतो ते पेचकस बरोबर सांगतो. म्हणून अतुलनं गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली. शटरला कुलूप, दोन्ही चाव्या खिशात.

सकाळी शेजारच्या पंक्चरवाल्या घनश्याम पटले याला सोबत घेऊन त्यानं शटर वर केलं. बोनेट उघडलं. सवयीनं इंजिनावर हात ठेवला...

इंजिन गरम होतं.

चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारखं.

"गाडी कोन नेली बे?" अतुल घनश्यामवरच घसरला.

"मी कायले नेऊ? चाबी तं तुयाच खिशात हाय!"

तेही खरंच होतं. आवाज काही आला नाही. येणार कसा? इंजिन तर आधीच तापलेलं.

त्या संध्याकाळी अतुलनं बॅटरीच काढली आणि घरी नेऊन पलंगाखाली ठेवली. रचना हसली. म्हणाली, "आता गाडी घरीच आना अन् झोपवा पलंगावर."

दुसऱ्या सकाळी इंजिनावर हात ठेवला...

तसंच गरम.

घनश्याम दोन पावलं मागं सरकला. "देख भाऊ, ये गाडी ठीक नाई. वापस करून टाक."

"इंजन गरम हाय म्हंजे काही ना काही कारन असंन. मी कारन पाहीन."

अतुल हेच म्हणणार. त्याच्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हाच नवस आणि उतारे उंबऱ्याबाहेर ठेवले होते. भुताला त्या घरात कोणी विचारत नव्हतं. त्यानं कव्हर खोललं. पट्टा ठीक दिसत होता. ताण बरोबर. फिरती चाकं गुळगुळीत. आवाज यावा असं आत काहीच नव्हतं, आणि याच गोष्टीचा त्याला जास्त राग आला. त्यानं सरळ पट्टा उतरवला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

"आता चालून दाखव," तो गाडीला म्हणाला.

एकदा उतरवलेला पट्टा तो पुन्हा बसवत नसे; नवा गोंदियाहून आणायचा होता. रचना एसटीनं ड्युटीवर निघाली होती. तिनं विचारलं, "सकाळी गाडी घेऊन येता ना?"

"पट्टा भेटला तं गाडी. नाई तं मोटरसायकल."

पट्टा काही मिळाला नाही.

उजाडता उजाडता अतुल मोटरसायकल घेऊन निघाला. गॅरेज वाटेतच होतं. न थांबता गेला असता तर बरं झालं असतं, असं तो आता म्हणतो.

कुलूप जसंच्या तसं होतं. शटर वर केलं...

आतून गरम हवा अंगावर आली.

डिझेलच्या धुराचा वास होता.

बोनेटला हात लावला आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. हात पोळला होता.

बॅटरी घरी. पट्टा समोर खिळ्यावर. दोन दिवस तो कारण शोधत होता. आता त्याला कारण नकोच होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

रचना.

"तुमी काऊन चालले गेले?" तिचा आवाज रुसलेला होता.

"कुठून?"

"कुठून म्हंजे? आताच तं गेटपाशी गाडी लावली होती. दार उघडलं माह्यासाठी. मी पाय टाकनारच होती, तं बाळंतीन बाईनं आवाज देल्ला. तिच्या लेकराले पाहून वापस आली, तं गाडीच नाई."

सालेकशाहून गोरेगावला यायला तासभर तरी लागतो. तिचं 'आताच' म्हणजे नेमकं कधी, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

"रचना... गाडीत कोन होतं?"

"तुमीच! दुसरं कोन? मफलर गुंडाळून. अन् तो आवाज तसाच येऊन राह्यला होता. चिर्र चिर्र. दुरुस्त कराची होती ना?"

"आतच बस. गेटच्या बाहेर पाय टाकू नको. मी आत येऊन तुह्या नावानं हाक मारीन, तवाच ये."

त्या दिवशी त्यानं मोटरसायकल कशी हाणली ते त्यालाच माहीत. आत जाऊन त्यानं नावानं हाक मारली, आणि रचना धडधाकट समोर आली. तिला खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. काम आठवलं म्हणून परत फिरलो, अशी थाप मारली. ती घरापर्यंत बोलली नाही. त्याला त्या रुसव्याचंही बरं वाटलं. ती मागं बसली होती, तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

गाडी विकायची तरी कोणाला? दुसऱ्या कोणाच्या बायकोला त्यात बसवायचं? अतुलनं ती भंगारात दिली. पत्रा न् पत्रा कापून होईपर्यंत तिथून हलला नाही. त्या रात्री पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

मग एकदा चहा पिताना रचना सहज चिडवायला म्हणाली, "त्या दिवशी मी गेटातून बोट दाखवलं ना, थोडं थांबा म्हनून. तुमी मान हालवली. थांबतो म्हनून कोनी असं जाते काय?"

अतुलनं कप खाली ठेवला.

मान हलवली होती. थांबतो म्हणून...

तेव्हापासून रचनाची रात्रपाळी असली की तो उजाडायच्या आधीच गेटपाशी जाऊन उभा राहतो. तिथं कोणी नसतं. आवाजही नसतो. समोरच्या मैदानातल्या गवतावर दव पडलेलं असतं, पांढरं, सगळीकडे सारखं.

फक्त गेटजवळ एक जागा कोरडी असते...

लांबी-रुंदीला बरोबर एका गाडीएवढी.

रचना पाळी संपवून बाहेर येते, हसते आणि त्या कोरड्या जागेवरूनच सरळ त्याच्याकडे यायला निघते. अतुल ओरडतो, "तिकून नको, बाजूनं ये."

"काऊन?" ती विचारते.

अजून त्यानं तिला सांगितलेलं नाही.