घरच्या तबकड्या मुक्या का झाल्या?

दुकानातून विकत आणलेली तबकडी आत घातली की यंत्र मजेत गाऊ लागायचं. आबांनी स्वतःच्या हाताने भरलेली तबकडी घातली, की तेच यंत्र दोन-चारदा कुरकुरायचं आणि पडद्यावर लिहायचं, ‘तबकडी रिकामी आहे.’ एक नाही, दोन नाही, पेटीतल्या सगळ्याच तबकड्यांची तीच गत. यंत्र एकच, तबकड्या दिसायला सारख्या, मग हा दुजाभाव कशासाठी, हे शलाकाला काही केल्या कळेना.

ही गोष्ट २०५६ सालची. तेव्हाच्या मुलांनी तबकडी पाहिलेलीच नव्हती. त्याच्या पन्नास वर्षं आधी लोक गाणी, फोटो, घरचं लग्न, सगळं काही सीडीवर (मधोमध भोक असलेल्या चकचकीत प्लास्टिकच्या तबकडीवर) साठवून ठेवत. ती ज्या यंत्रात घालून वाचायची, त्याला ड्राइव्ह म्हणत. अंबाजोगाईत चालू स्थितीतला ड्राइव्ह बहुधा एकाच घरात उरला होता, आणि ते घर शलाकाच्या आबांचं होतं. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील. त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि तरुणपणी गच्चीवर दुर्बीण लावून आकाशाचे ढीगभर फोटो काढले. जुनं यंत्र टाकून देणं त्यांच्या जिवावर येई. आजी म्हणायची, या घरात माणसांनी तेवढं बाहेर राहायचं बाकी आहे.

शलाकाला त्या तबकड्या हव्या होत्या, त्यामागे मोठं कारण होतं. शाळेच्या दुर्बिणीने काढलेल्या फोटोंत तिला एक फिकट ठिपका सापडला होता. आजूबाजूचे तारे जागच्या जागी, हा मात्र रोज थोडा सरकलेला. तो होता लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारा मोठा दगड), आणि त्याची नोंद जगात कुणाकडेच नव्हती. पण तो पृथ्वीपासून झपाट्याने लांब चालला होता आणि रोज आणखी फिकट होत होता. येत्या अमावास्येनंतर तो कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नव्हता.

तो परत कधी आणि कुठे दिसेल हे सांगायचं तर त्याची कक्षा (सूर्याभोवती फिरण्याची वाट) नेमकी माहीत हवी. शलाकाने त्याला पाहिलं होतं ते त्या लांबलचक वाटेच्या जेमतेम एका पावलावर. एका पावलावरून वाटसरू कुठल्या गावचा ते कसं कळणार? वेधशाळेने तिला कळवलं होतं, की या ठिपक्याचा एखादा जुना फोटो मिळाला तर कक्षा पक्की होईल; नाही मिळाला तर हा लघुग्रह ‘हरवलेला’ म्हणून नोंदवावा लागेल. तिने गणित उलटं फिरवून पाहिलं. २०१० सालच्या हिवाळ्यात तो पुष्य नक्षत्राजवळून गेला असावा असं दिसत होतं. मोठमोठ्या दुर्बिणींच्या जुन्या संग्रहात नेमक्या त्या दिवसांचे त्या भागाचे फोटो नव्हते. आणि मग आईने सहज सांगितलं, की त्या हिवाळ्यात आबांनी पुष्य नक्षत्रातल्या तारकागुच्छाचेच फोटो काढले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

पण तबकड्या बोलायला तयार नव्हत्या.

नारबाने निकाल देऊन टाकला. नारबा हा आबांचा घरकाम्या यंत्रमानव. कामाला वाघ, पण निष्कर्ष काढायची त्याला भारी घाई. दुकानची तबकडी वाचली जाते, म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत आहे. घरच्या वाचल्या जात नाहीत, म्हणजे त्या मेल्या आहेत. इतकी वर्षं झाली, त्यांच्यावरचं सगळं उडून गेलं असणार, शोक करावा आणि पुढे जावं, असं त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं.

आबांनीही मान डोलावली, तेव्हा मात्र शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं शोधून काढलं आणि आता ते हातचं जाणार, याचं तिला फार वाईट वाटलं. ती खिडकीपाशी जाऊन बसली.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण सगळा भात एकाच भांड्यातला असेल तर. नारबाने एका भांड्यातलं शीत दाबून दुसऱ्या भांड्यातल्या भाताचं ठरवलं होतं. हे शलाकाच्या लक्षात आलं ते थोड्या वेळाने, डोळे पुसून झाल्यावर. तिला आठवलं, की गणपतीत आबांनी तिला सूर्यग्रहणाचे फोटो दाखवले होते. ते याच ड्राइव्हवर पाहिले होते आणि ती तबकडीही घरीच भरलेली होती. तिने उठून पेटीतून ती काढली आणि पुन्हा यंत्रात घातली. कुरकुर झाली आणि पडद्यावर उमटलं, ‘तबकडी रिकामी आहे.’

“आबा, ही गणपतीत चालली होती. दोन महिन्यांत कपाटातल्या कपाटात मरेल का?”

आबा ताठ बसले. “नाही मरायची. अंधारात, कोरड्या जागी होती ती.”

“मग तबकडी तीच आहे. बदललंय ते यंत्रात.”

नारबाने हरकत घेतली. यंत्र बिघडलं असेल तर त्याने दुकानची तबकडीही वाचायला नको. हरकत बरोबर होती. तिचं उत्तर आबांकडे होतं. त्यांनी दोन्ही तबकड्या खिडकीच्या उजेडात धरल्या. दुकानची चांदीसारखी पांढरी दिसत होती, तर घरची किंचित हिरवट.

ड्राइव्ह तबकडी कशी वाचतो, ते आबांनी आधी सांगितलं. आत लेसर असतो (एकाच रंगाचा, बारीक झोतात जाणारा प्रकाश). तो एका लेन्समधून (भिंगातून) तबकडीवर पडतो आणि परावर्तन (प्रकाश आपटून माघारी फिरणं) होऊन त्याच लेन्समधून परत येतो. किती प्रकाश परत आला यावरून यंत्र वाचतं. दुकानची तबकडी कारखान्यात साच्यातून काढलेली असते. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात आणि वर चकाकत्या धातूचा थर. सपाट जागेवरून भरपूर प्रकाश परततो, खळग्यावरून कमी परततो. घरी भरायच्या तबकडीत खळगे नसतात. तिथे धातूच्या खाली एक रंगाचा थर असतो, आणि भरणारा लेसर त्या रंगावर ठिकठिकाणी चटके देऊन तो काळपट करतो. वाचताना प्रकाशाला त्या रंगातून आत जावं लागतं आणि त्याच रंगातून बाहेर यावं लागतं. येता-जाता त्यातला थोडा प्रकाश तो रंगच गिळतो.

“म्हणजे घरच्या तबकडीकडून मुळातच कमी उजेड परत येतो?” शलाकाने विचारलं.

“कमीच की. पण धडधाकट ड्राइव्हला तेवढा पुरतो.”

शलाकाने हिरवट तबकडी पुन्हा उजेडात धरली. तिला शाळेची दुर्बीण आठवली. मागच्या थंडीत दुर्बिणीच्या भिंगावर दव धरलं होतं. ठळक तारे छान दिसत होते, म्हणून बराच वेळ कुणाला शंकाच आली नाही. फिकट तारे मात्र सगळे गायब. भिंग मळलं की जे फिकट असतं तेच आधी हरवतं. तेजस्वी तारा थोडा प्रकाश गमावूनही दिसत राहतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

“आबा, लेन्स मळलीय,” ती म्हणाली. “दुकानची तबकडी ठळक तारा आहे. घरच्या फिकट आहेत.”

नारबाने काही क्षण हिशेब केला आणि आपला निकाल मागे घेतला. मग तिघांनी मिळून पुढचं ठरवलं. आधी वीज बंद करून वायर काढायची, कारण हा लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मग ड्राइव्हचा खण बाहेर ओढायचा. या जातीच्या ड्राइव्हमध्ये लेन्स त्या खणातच, उघड्यावर असते. नारबाने दिवा धरला. मसुरीच्या डाळीएवढी लेन्स पिवळट, धुरकट दिसत होती आणि खणाच्या कडेला लाल भुकटी अडकली होती.

कापसाच्या काडीला स्पिरिटचा थेंब लावून शलाकाने लेन्सवरून अगदी अलगद फिरवली. कापूस तपकिरी झाला. तिने तो हुंगला आणि आबांकडे पाहिलं. स्पिरिटच्या वासातूनही धुपाचा वास येत होता.

आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दर खंडेनवमीला ते आपल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, जुना रेडिओ, कुणाला वगळत नसत. यंदा त्यांना वाटलं, या म्हाताऱ्या ड्राइव्हची जरा नीट पूजा करावी. म्हणून त्यांनी खण उघडला, हळदकुंकू वाहिलं आणि धूप चांगला जवळ नेऊन ओवाळला.

“जन्मभर पोरांना प्रकाश शिकवला,” ते हळूच म्हणाले, “आणि भिंगावर धूर मीच धरला.”

शलाकाला हसू आलं आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली. नारबाने विनंती केली, की पुढच्या वर्षी आपली पूजा जरा लांबूनच व्हावी.

स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबून त्यांनी वीज जोडली. पुष्य नक्षत्राची तबकडी आत गेली. कुरकुर झाली, थांबली, पुन्हा झाली. आणि पडद्यावर फोटोंची रांग उभी राहिली. शलाकाने एकाच रात्रीचे दोन फोटो एकावर एक ठेवून आळीपाळीने दाखवले. सगळे तारे स्थिर होते. एका कोपऱ्यात, तारकागुच्छापासून बराच दूर, एक फिकट ठिपका इकडून तिकडे टुणकन उडी मारत होता. ठिपका सापडला, वाट पक्की झाली, आता तो हरवणार नव्हता.

वेधशाळेला कळवताना शोधकर्त्याचं नाव लिहायचं होतं. शलाकाने आबांचं नाव सांगितलं. त्यांनी तर तिच्या जन्माआधीच त्याला टिपलं होतं. आबांनी मान हलवली.

“तो माझ्याजवळ होता गं, पण मी त्याला बघितलं नाही. मी गुच्छाकडंच बघायलो होतो. शोध बघणाऱ्याचा असतो. तुझं नाव लिही.”

तिने लिहिलं. उत्तर आलं, की लघुग्रह पुन्हा जवळ येईल तेव्हा शलाका आजच्या आईपेक्षाही मोठी असेल. तेव्हा आबा नसतील, हे तिला कुणी न सांगताच कळलं. ती त्यांना खेटून बसली.

मग नारबाने विचारलं, की काम झालंच आहे, तर शाळेच्या दुर्बिणीच्या फोटोंतला ठिपक्याचा तुकडा ठेवून बाकीचं आकाश पुसून टाकू का? जागा उगाच अडते आहे.

शलाकाने पडद्यावर आपलाच एक फोटो उघडला. हजारो तारे होते, आणि तिने आजवर त्यातल्या एका कोपऱ्याकडेच पाहिलं होतं.

“काहीच पुसू नकोस,” ती म्हणाली. “यात मला न दिसलेलं कुणीतरी असेल.”