चुन्याखालची तिरडी

मालविका लग्न होऊन जर्मनीत बॉनला आली, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. ती चित्रं काढायची आणि जुन्या काळातल्या फिरत्या चित्रकारांचा अभ्यास करायची. त्यांच्या मागावर खेडोपाडीची चर्चेस पालथी घालायची. २००४ च्या मार्चमध्ये आयफेलच्या डोंगरातल्या एका चर्चमध्ये पाच शतकांपूर्वीचं, गिलावा ओला असतानाच रंगवलेलं भित्तिचित्र सापडल्याचं कळलं, तशी ती तिथे जाऊन बसली.

चित्र चुन्याच्या थरांखाली होतं. जुनी चित्रं जतन करणाऱ्या श्मित्स नावाच्या बाई बारीक पात्याने चुना खरवडत, आणि जेवढं उघडं पडेल तेवढ्याची मालविका कोळशाने नक्कल करी. एक अंत्ययात्रा दिसू लागली होती. पुढे मेणबत्त्या धरलेली मुलं, मागे तिरडी खांद्यावर घेतलेली माणसं. तिरडीवरचा माणूस अजून चुन्यातच होता. गारठ्याने बोटं आखडत. पात्याची खरखर तेवढी ऐकू येई.

दुपारी श्मित्सबाई तिच्या कागदाकडे बघून थबकल्या.

"हा हात कुठून आणलात?"

तिरडीवरून एक हात खाली लोंबत होता, करंगळी दुमडलेली. भिंतीवर त्या जागी नुसता चुना.

"अंदाजाने काढला असेल," मालविका म्हणाली. पण नक्कल करताना अंदाजाची एक रेघही तिने आजवर ओढली नव्हती.

बाईंनी तिथला चुना खरवडला. हात निघाला. करंगळी दुमडलेली.

मालविकाला उठायचं होतं. कोळसा चालतच राहिला. खांदा. मान. हनुवटी. हनुवटीवर आडवा व्रण.

जयंतचा व्रण. तिचा नवरा. तो आत्ता तिला न्यायला गाडी घेऊन निघाला होता.

तिने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट आवळून धरलं. कोळसा फरशीवर पडला, तो तिने पायाखाली चिरडला आणि फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"वाटेत, अगं. तासाभरात पोचतो. मघाशी वळणावर बर्फात गाडी पार कड्यापर्यंत घसरली. थांबली कशीतरी."

तो आत आला तेव्हा बाईंचं खरवडणं संपलं होतं. चित्र हनुवटीपर्यंत स्पष्ट होतं, व्रणासकट. त्याच्या वर कोरा गिलावा.

"चेहरा कोणी खोडला?" जयंतने विचारलं.

"खोडलेला नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "काढलाच नाहीये."

जयंतने हात पुढे केला.

"अहो, नका!"

पण त्याचं बोट टेकलं होतं.

गिलावा ओला होता.