सुईच्या टोकावरचा थेंब

सकाळी लागू पडलेलं औषध दुपारी का लागू पडू नये? पेन तेच, इन्सुलिन तेच, टोचणारा हातही तोच. तरीसुद्धा जुईली तांडेलच्या रक्तातली साखर उतरायचं नाव घेत नव्हती. उलट चढतच होती.

तिनं बोटाला टोचून काढलेला थेंब पट्टीवर टेकवला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि ती ताडकन उठली. चंद्रावर असं ताडकन उठायचं नसतं. इथं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारी ताकद) पृथ्वीच्या एक षष्ठांश. जुईलीचं डोकं बोगद्याच्या छताला आपटता आपटता वाचलं.

"आत्या, अजून वाढलीय!"

भानुआत्या भिंतीवरच्या तारेच्या फोनशी झगडत होती. कालपासून सूर्यावर वादळ उठलं होतं. तिथून सुटलेल्या कणांचा मारा चुकवायला अख्खी वस्ती जमिनीखालच्या बोगद्यांत उतरली होती. डॉक्टर नफिसा मुकादम होत्या दुसऱ्या बोगद्यात. मधे उघडा पृष्ठभाग, त्यामुळे त्यांना इकडे येणं अशक्य. राहिला फोन, तर तो कधी लागेल त्याचा नेम नव्हता. ज्याला त्याला आपल्या माणसांची खबर हवी होती.

जुईलीच्या शरीरात इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवायला मदत करणारं द्रव्य) तयारच होत नसे. एरवी दंडावरची हुशार पट्टी साखर मोजायची आणि लागेल तेवढं इन्सुलिन आपोआप सोडायची. पण आज पहाटे धोक्याचा भोंगा झाला तेव्हा जुईली वरच्या काचबागेत टोमॅटो तोडत होती. ती सगळ्यांत शेवटी खाली पोचली आणि तेवढ्यात त्या कणांच्या माऱ्यानं पट्टीतली इलेक्ट्रॉनिक चिप निकामी झाली. मग आणीबाणीच्या पेटीतून जुन्या पद्धतीची इंजेक्शनची पेनं निघाली. मागं आकडा फिरवायचा, पुढं सुई लावायची, बटण दाबायचं. सकाळी डॉक्टरांनी फोनवरून एकेक गोष्ट सांगितली आणि सगळं सुरळीत झालं. दुपारी मात्र फोन लागेना, भूक तर कडकडून लागलेली. 'सकाळी केलंच की!' म्हणत जुईलीनं ठरलेला आकडा फिरवला, टोचलं, बटण दाबलं आणि ती जेवायला बसली.

"मी परत एकदा घेते," ती पेन उचलत म्हणाली.

"अजिबात नाही!" आत्यानं पेनावर हात ठेवला. "पहिलं किती गेलंय हे माहीत आहे का तुला?"

"सगळंच! आकडा शून्यावर आला होता."

"सगळं गेलं असेल तर ते अजून काम करत असेल. त्यावर दुसरं घेतलंस तर साखर धाडकन खाली येईल. हातपाय थरथरतील, शुद्धसुद्धा हरपेल. आणि गेलंच नसेल, तर ते गेलं कुठे? आधी ते शोधायचं."

जुईली येरझाऱ्या घालू लागली. तिची प्रत्येक येरझार म्हणजे दोन उड्या. घसा कोरडा पडला होता आणि बसावं तर पाय बसू देत नव्हते.

तिची घालमेल बघून प्राणवायूच्या यंत्रावरचे देवरामकाका पुढे आले. त्यांनाही मधुमेह होता. खिशातून स्वतःचं पेन काढून ते म्हणाले, "घे बाळा, माझं वापर. सुई नवी लावू, म्हणजे झालं."

जुईलीनं हात पुढे केलासुद्धा. आत्या घाईनं म्हणाली, "नको काका. टोचताना एखाद्या वेळी रक्ताचा कण सुईतून उलटा पेनात शिरतो, डोळ्यांना दिसतही नाही. सुई बदलली तरी पेनातला कण राहतोच. एकाचा आजार दुसऱ्याला होऊ शकतो. शिवाय तुमचं इन्सुलिन वेगळ्या जातीचं असेल."

"मला हे ठाऊक नव्हतं बघा," म्हणत काकांनी पेन खिशात ठेवलं आणि ते फोनपाशी जाऊन उभे राहिले. "तुम्ही शोधा काय ते. मी लावत बसतो."

भानुआत्या द्रवशास्त्रज्ञ होती. कमी गुरुत्वात पाणी, तेल, रंग कसे वाहतात याचा अभ्यास करायची. औषधाचं तिला फारसं कळत नव्हतं, पण नळीतून काहीतरी वाहतं म्हटलं की तिचे डोळे चमकायचे. तिनं जुईलीच्या कुडत्याची कड हातात घेतली. पोटाजवळ ओलसर डाग होता.

"पाणी सांडलं असेल," जुईली वैतागून म्हणाली.

"वास घे."

जुईलीनं नाक लावलं. दवाखान्यात शिरल्यावर येतो तसला उग्र वास. इन्सुलिनचाच! म्हणजे निदान काही भाग कुडत्यावर सांडला होता.

"सुई टोचलीस, बटण दाबलंस, आणि मग?"

"मग लगेच काढली. दुखत होतं ना."

"सकाळी?"

जुईलीला आता आठवलं. सकाळी डॉक्टरांनी बटण दाबून धरायला लावलं होतं आणि सावकाश दहापर्यंत आकडे मोजून घेतले होते.

आत्यानं पेन उजेडासमोर धरलं. आतल्या काचेच्या नळीत, इन्सुलिनच्या वर, चवळीच्या दाण्याएवढा बुडबुडा होता. "हा सकाळी होता?"

"नव्हता."

"सकाळी टोचून झाल्यावर सुई काढलीस?"

"काढ म्हणाल्या होत्या डॉक्टर. पण दुपारी परत लागणारच होती, म्हणून तशीच ठेवून पेन तिथं ठेवलं," जुईलीनं दगडी भिंतीतला कोनाडा दाखवला. आत्यानं आत हात घातला. कोनाडा बोगद्यापेक्षा बराच थंड होता.

"थंडीनं द्रव आकसतो (कमी जागा व्यापतो)," आत्या म्हणाली. "सुई म्हणजे उघडं दार. आतली रिकामी झालेली जागा भरायला बाहेरची हवा त्या दारातून शिरली. उलट पेन तापलं असतं, तर इन्सुलिन फुगून त्याच दारातून गळलं असतं."

"पण एवढ्याशा हवेनं काय होतं?"

आत्यानं पाण्याच्या दोन नळीवाल्या पिशव्या आणल्या. एक पूर्ण भरलेली, दुसरी अर्धी हवेची. "दाब."

भरलेली पिशवी जुईलीनं जराशी दाबली मात्र, पाणी टुणकन उडालं. हवा असलेली दाबली, तर आधी पिशवीच चेपली. पाणी आलं ते उशिरा आणि रेंगाळत.

"पाणी जवळजवळ दबत नाही. हवा दबते, मग हळूहळू पूर्ववत होते. आता पेन बघ." आत्यानं सुई वर करून दोन युनिटांचा (युनिट म्हणजे इन्सुलिनचं माप) आकडा फिरवला आणि बटण शेवटपर्यंत दाबलं. सुईचं टोक कोरडंच. दोघी टोकाकडे बघत राहिल्या. मग एक बारीक थेंब फुगला. अंगठा थांबला होता तरी त्यामागून दुसरा आला.

"आत्या! माझी सुई बाहेर आल्यावर इन्सुलिन येत होतं!"

"बरोब्बर. आकडा सांगतो दट्ट्या (नळीतला द्रव ढकलणारा दांडा) किती सरकला. औषध अंगात किती गेलं, हे त्याला कळत नाही."

"लागला! लागला!" देवरामकाका ओरडले.

डॉक्टरांनी आधी सगळं ऐकून घेतलं. उलटी होतेय का, श्वास जड वाटतोय का विचारलं, साखर फार वाढली की लघवीत उतरणारं घातक आम्ल दाखवणारी पट्टी तपासायला लावली. तिचा रंग ठीक निघाला. "दुसरा डोस स्वतःहून घेतला नाहीत हे फार चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. थोडा वेळ थांबून त्यांनी साखर परत मोजायला लावली आणि मगच नवा आकडा सांगितला. "ते पेन बाजूला ठेव, थंडीनं बिघडलं असेल तर भरवसा नाही. दुसरं घे. जुईली, या वेळी घाई नाही."

घाई नाही म्हणणं सोपं होतं. एकेक पायरी मनात घोकत जुईली कामाला लागली. तिनं पेनावरचं नाव आणि मुदत मोठ्यानं वाचली. इन्सुलिन स्वच्छ आहे ना, पाहिलं. हात धुतले. नवी सुई फिरवून बसवली. टोक वर धरून नळीवर टिचकी मारली. एक बारीकसा बुडबुडा होता, पण चंद्रावर तो वर यायलाही वेळ लावत होता. "ये ना लवकर!" ती पुटपुटली. दोन युनिटं वर सोडली तसा सुईच्या टोकावर थेंब चमकला. मग कुठे तिनं डोसाचा आकडा फिरवला.

"आता जागा. सकाळच्या जागेपासून दूर," डॉक्टर म्हणाल्या. "सारखं एकाच ठिकाणी टोचलं की तिथं गाठ होते आणि तिच्यातून औषध नीट शोषलं जात नाही. बेंबीजवळही नको."

"मी बारीक आहे, कातडी चिमटीत धरू?"

"धर. आपल्याला त्वचेखालच्या चरबीच्या थरात सोडायचंय. तिथून इन्सुलिन बेताबेतानं रक्तात जातं. त्याखालच्या स्नायूत गेलं तर फार झपाट्यानं जाईल."

जुईलीनं चिमटीत कातडी धरली, सुई सरळ टोचली, बटण दाबलं. एक, दोन, तीन... पाय उड्या मारू पाहत होते. आत्यानं तिच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला. ...नऊ, दहा. सुई बाहेर आली. पोट कोरडं, कुडतं कोरडं. तिनं ती जागा चोळली नाही. सुईच्या मोठ्या टोपणानं सुई काढली आणि सुयांच्या जाड डब्यात टाकली.

मग वाट पाहणं आलं. जुईलीनं सारखं पाणी प्यायलं, बोगद्याला फेऱ्या घातल्या, देवरामकाकांच्या यंत्राची घरघर ऐकली, पुन्हा फेऱ्या घातल्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी बोट टोचलं, तेव्हा आकडा वाचायला ती धजेना. तो आत्यानं वाचला.

"उतरतेय, जुई!"

जुईलीनं यंत्र ओढून घेऊन आकडा स्वतः पाहिला. देवरामकाकांनी फोनवर डॉक्टरांना ही बातमी इतक्या मोठ्यानं सांगितली की फोनची गरजच नव्हती.

संध्याकाळपर्यंत साखर ठिकाणावर आली होती आणि तेव्हाच वादळ ओसरल्याचा भोंगा झाला. माणसं दाराकडे धावली. जुईली मात्र पेन उजेडात धरून आडवं उभं फिरवत होती.

"आत्या, उजेड इन्सुलिनमधून जाताना वेगळा वाकतो आणि हवेतून वेगळा, हो ना? मग पेनालाच एक छोटासा डोळा बसवला तर? आत बुडबुडा आहे, आत्ता दाबू नकोस, असं तेच सांगेल."

आत्या थबकली. "अशी काही पेनं आकडे लक्षात ठेवतात. पण बुडबुडा ओळखणारं... करून बघायला हवं."

"तुझ्या प्रयोगशाळेत उजेड मोजायचं यंत्र आहे ना? आत्ताच जाऊ!"

"आधी साखर मोजायची. मग डॉक्टरांना विचारून इन्सुलिन, मग पोटभर जेवण."

"आणि मग?"

"मग प्रयोगशाळा."

जुईलीनं पेनावर टोपण बसवलं, आत्याचा हात धरला आणि दाराच्या दिशेनं अशी काही उडी घेतली की आत्याचेही पाय जमिनीवरून सुटले.